कोपर दुखतंय म्हणून पोळ्या बंद करू का?

पत्र: ताई, नमस्कार. मी नाशिकला घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवते, वय ४४. आधी आम्ही दोघी मिळून रोज २०० पोळ्या करायचो. मार्चमध्ये हाताखालची बाई काम सोडून गेली, तेव्हापासून मळणं, लाटणं, भाजणं सगळं मीच. एप्रिलपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. आता तर सांडशीने पातेलं उचललं की सुटेल असं वाटतं, ओला फडकाही पिळवत नाही. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितलं, एक्स-रे नॉर्मल आहे. मे महिन्यात इंजेक्शन घेतलं, महिनाभर एकदम मस्त होतं आणि मग आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज स्माईली बॉल दाबते. मिस्टर म्हणतात केंद्र बंद कर, जाऊबाई म्हणतात हाडवैद्याकडे चल, नस सरकली असेल. गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी यायला लागल्यात. दुसरं इंजेक्शन घेऊ का? पट्टा लावू का? आणि माझी शिलाईकाम करणारी मैत्रीण आहे, तिच्या बोटांना रात्री मुंग्या येतात, तिलाही हेच असेल का?

उत्तर:

ताई, पहिलं म्हणजे तो बॉल आजपासून कपाटात ठेवा. सांगतेच का ते, पण आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेऊ, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात पण माझ्या मते सगळं दुखणं त्याच्यात आहे, ते म्हणजे मार्चमध्ये बाई काम सोडून गेली. म्हणजे मार्चपर्यंत तुमच्या वाट्याला अर्धं काम होतं आणि एका दिवसात ते दुप्पट झालं. २०० पोळ्यांना सात-आठ किलो पीठ लागत असेल, ते मळायचं, मग लाटायचं, मग भाजायचं, डबे भरायचे, ओटा पुसायचा, फडका पिळायचा, आणि त्यानंतर घरचा स्वयंपाक असतोच की. पुढच्याच महिन्यात कोपर बोलायला लागलं. तुमचं वय झालं, हाडं ठिसूळ झाली, वारा लागला असलं काहीही नाही. हात कामाला सरावतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो, तो मिळाला नाही इतकंच.

आता आत नेमकं काय झालंय ते. मनगट वरच्या बाजूला उचलणारे जे स्नायू आहेत ना, हाताच्या मागच्या बाजूचे, ते सगळे वर जाऊन कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाला एका जाड टेंडनने, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीने, चिकटलेले असतात. गंमत अशी की आपण मूठ आवळतो तेव्हासुद्धा हे स्नायू काम करतात, कारण त्यांनी मागून मनगट धरून ठेवलं नाही तर मूठ आवळताना मनगट आत वळेल आणि पकडच बसणार नाही. म्हणजे लाटणं धरा, सांडशी धरा, बरणीचं झाकण फिरवा, फडका पिळा, दर वेळी ताण त्याच एका जागी. म्हणून बॉल नको म्हटलं. दिवसभर पकडून पकडूनच जो टेंडन वैतागलाय त्याला संध्याकाळी टीव्ही बघता बघता अजून पकडायला लावणं हा काही व्यायाम नाही, ओव्हरटाईम आहे. बॉल वाईट नसतो, मनगट मोडून प्लॅस्टर काढल्यावर वगैरे मीही देते, पण तुम्हाला आत्ता नको.

दुसरी गोष्ट, चार महिने जुन्या दुखण्यात तिथे सूज नावाचा प्रकार फारसा नसतो. १९७९ मध्ये नर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन सर्जननी ऑपरेशनमध्ये काढलेले असे टेंडन मायक्रोस्कोपखाली बघितले, तर सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच, टेंडनचे धागे मात्र विस्कटलेले होते आणि नको तिथे बारीक रक्तवाहिन्या उगवलेल्या. हे कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. सूज नाही तर सूज उतरवायच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊन काय उपयोग, आणि धागे विस्कटलेत तर ते नुसतं झोपून नीट होत नाहीत, टेंडनला झेपेल एवढं वजन देत राहिलं तर तो हळूहळू परत ताकद धरतो.

आता इंजेक्शन. तुमच्याबाबतीत जे झालं ते जगभर होतं, तुमच्या डॉक्टरांचा हात वाईट होता असं नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला यावर फार चांगलं काम झालंय. २०१३ साली आलेल्या अभ्यासात १६५ पेशंट होते, काहींना स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि काहींना नुसत्या सलाईनचं, म्हणजे औषध नसलेल्या मिठाच्या पाण्याचं. स्टेरॉइडवाले सुरुवातीला पटकन बरे झाले, पण वर्षभरात त्यातल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, सलाईनवाल्यांचं फक्त १२ टक्के. त्यामुळे माझं स्पष्ट मत, दुसरं इंजेक्शन घेऊ नका. परत महिना-दीड महिना छान जाईल, त्या काळात दुखत नाही म्हणून तुम्ही डबल काम कराल, आणि पुढे काय होणार ते तुम्हाला माहीतच आहे. वर परत परत टोचलं तर त्या जागेची कातडी पांढुरकी पडते, खालची चरबी कमी होऊन खड्डा दिसतो. आणि हो, शुगर असेल तर या इंजेक्शनने काही दिवस शुगर वाढते, हे बरेच जण डॉक्टरांना सांगायचंच विसरतात. पीआरपीचं पण कुणीतरी सुचवेल, स्वतःचंच रक्त काढून फिरवून टोचतात ते, महाग असतं, आणि २०२१ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सलाईनपेक्षा फार काही वेगळं निघालं नाही. ते पैसे एखाद्या बाईच्या पगाराला लावा, खरंच सांगते.

शेकाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक असं समीकरणच होऊन बसलंय, पेशंट पण येऊन "किती दिवस शेक घ्यायचा" एवढंच विचारतात आणि बऱ्याच ठिकाणी खरंच तेवढंच देतात, दहा दिवसांचं पॅकेज, मशीन लावलं, घंटी वाजली, या उद्या. शेक म्हणजे ताटातलं लोणचं आहे, जेवण नाही. बरं वाटतं ना, घ्या की, घरी गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं ठेवा, कुणाला बर्फाने बरं वाटतं त्यांनी बर्फ ठेवावा, पण टेंडन त्याने घट्ट होत नाही.

मग जेवण काय, तर व्यायाम. सामान घरातलंच लागणार, एक लिटरची पाण्याची बाटली आणि लाटणं.

पहिले दोन-तीन आठवडे हालचाल न करता जोर. खुर्चीवर बसा, उजवा हात टेबलावर, तळवा खाली, कोपर वाकलेलं, मनगट सरळ. डाव्या हाताने उजव्या पंजाच्या पाठीवर खाली दाबा आणि उजव्याने तो दाब अडवून धरा, पंजा हलला नाही पाहिजे. ३० ते ४५ सेकंद धरायचं, मिनिटभर सोडायचं, असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. पूर्ण ताकद नाही लावायची, अर्धीच. यातला एक राऊंड सकाळी कणकेत हात घालायच्या आधी करा, बऱ्याच जणींना त्यानंतरचा तासभर दुखणं कमी जाणवतं.

त्यात फार दुखेनासं झालं की बाटली. हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर लोंबता, तळवा जमिनीकडे, मुठीत बाटली, आत अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो वजन. डाव्या हाताची मदत घेऊन पंजा वर उचला, मग डावा हात सोडा आणि उजव्याने एकट्याने हळूहळू खाली सोडत आणा, मनात चार आकडे मोजत. खाली सोडणं हाच खरा व्यायाम आहे, लोक नेमकं तेच धाडकन करतात. १० ते १५ वेळा झालं की थांबा, असे तीन सेट, एक दिवस आड. बाटलीचा फायदा असा की डंबेल अर्ध्या किलोवरून थेट एक किलोवर उडी मारतो, बाटलीत तुम्ही दर आठवड्याला वाटीभर पाणी वाढवू शकता. पूर्ण भरली, सहज जमायला लागलं, की मग तोच व्यायाम कोपर सरळ ठेवून, तेव्हा परत पाणी कमी करून सुरुवात करायची. पातळ प्लॅस्टिकची जाडजूड बाटली धरायला त्रास होतो तर बारीक मानेची घ्या, किंवा पिशवीत घालून पिशवीचा बंद धरा.

लाटणं एका टोकाला धरायचं, उभं, कोपर अंगाला चिकटवून, आणि सावकाश एकदा आत एकदा बाहेर आडवं करायचं, दाराची कडी फिरवतो तसं. जड लाटणं नको, नेहमीचं पोळीचं बारीक लाटणं बास. आणि शेवटी, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी, कोरड्या नॅपकिनची गुंडाळी करून पिळायचा व्यायाम, जे काम आज दुखतंय तेच हळूहळू सरावाने परत मिळवायचं. सोबत खांद्याचंही काहीतरी हवं, दाराच्या कडीला रबरी बँड बांधून दोन्ही कोपरं मागे ओढायची, कारण खांदा थकला की सगळा भार मनगटावर येतो.

आता तुम्ही विचाराल की करताना दुखलं तर. दुखेल थोडं, चालतं. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरलं तर तीन-चारपर्यंत चालू द्या. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला चहाचा कप उचलताना. कालच्याइतकंच किंवा कमी दुखलं तर बरोबर चाललंय, जास्त दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, पाणी कमी करा, पण बंद करू नका. सगळे इथेच चुकतात, एक दिवस ठणकलं की आठवडाभर सोडून देतात, मग परत पहिल्यापासून. सहा आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण ताकद यायला तीन महिने धरा, कधी जास्तही. खरं सांगायचं तर काहीही न करता वर्षभरात बहुतेकांचा टेनिस एल्बो आपोआप कमी होतो, हेही त्या ब्रिस्बेनच्याच २००६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं, पण तुम्हाला त्या वर्षभर रोज पोळ्या लाटायच्यात ना.

कामाचं बोलू, कारण व्यायाम दिवसात पंधरा मिनिटं आणि काम सहा-सात तास. मिस्टर म्हणतात बंद कर, तर त्यांना सांगा बंद नाही करत, पण सकाळी परातीसमोर तुम्ही बसा. मळणं हे सगळ्यात जास्त जोराचं काम आहे आणि त्याला काही पाककौशल्य लागत नाही, कुणीही शिकतं. नाहीच जमलं तर कणीक मळायचं मशीन घ्या, केंद्र चालवताय तर तो खर्च धंद्याचाच आहे. आणि हाताने मळायचीच वेळ आली तर पीठ आणि पाणी नुसतं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा, तेवढ्यात पीठ पाणी पिऊन घेतं आणि नंतर निम्म्या मेहनतीत कणीक होते. थोडी सैलच भिजवा, घडीच्या पोळीला तशीही सैल लागते. ओट्यावर परात ठेवून मळू नका, उंच पडतं आणि सगळा जोर मनगटातून जातो. गुडघे बरे असतील तर खाली बसून, नाहीतर बुटक्या टेबलावर, हात सरळ ठेवून अंगाचा भार टाकून मळायचं.

लाटताना ओटा कोपराच्या थोडा खाली हवा, चार-सहा बोटं. उंच वाटत असेल तर पायाखाली पाट घ्या, देवासमोरचा नको, दुसरा. लाटणं मुठीत आवळायचं नाही, तळव्याखाली फिरू द्यायचं, मनगट वर मोडायचं नाही, ढकलणं खांद्यातून. पोळपाटाखाली ओलं कापड घातलं की तो सरकत नाही, मग तो धरून ठेवायला दुसरा हात आवळावा लागत नाही. आणि सगळ्या २०० लाटून मग भाजायला घेत असाल तर ते बंद, २५-३० लाटल्या की भाजायला घ्या, म्हणजे हाताचं काम बदलतं.

सांडशी मात्र तुमची खरी वैरीण आहे. तळवा खाली, हात लांब, बोटं आवळलेली आणि टोकाला चार लिटरचं पातेलं लोंबतंय, दुखऱ्या टेंडनचा यापेक्षा मोठा छळ मला सुचत नाही. कानाची पातेली वापरा, दोन्ही हातांनी, कोपरं अंगाशी. पिशवी, डबे, काहीही उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवता आला तर ठेवा, मग भार हाताच्या पुढच्या स्नायूंवर जातो आणि मागच्यांना सुट्टी. फडका पिळायचाच नाही, नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एकत्र धरून ओढा, नाहीतर सरळ स्पंज आणा.

पट्टा लावा, हरकत नाही, पण बहुतेक जण चुकीच्या जागी लावतात. दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या दोन-तीन बोटं खाली, जिथे मूठ आवळल्यावर स्नायू फुगतो तिथे. फक्त कामाच्या वेळी, झोपताना काढायचा, आणि बोटांना मुंग्या आल्या तर फार आवळलाय. दुखणं कमी करून काम निभावून नेतो तो, बरं करत नाही.

जाऊबाईंना सांगा नस सरकलेली नाही, टेंडन जिथल्या तिथे आहे, त्यामुळे बसवायला काही नाही. हलकं तेल चोळून बरं वाटत असेल तर घरी चोळा, पण झटका देऊन कोपर ओढून घेऊ नका. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे कोपर हाताने बाजूला सरकवून धरत मूठ आवळायला लावायचं एक तंत्र असतं, न्यूझीलंडच्या मुलिगन यांचं, त्याने कधी कधी त्याच बैठकीत पकड सुधारते, ते जरूर करून घ्या. फिजिओकडे जाल तेव्हा आधी विचारा की व्यायाम देणार का आणि दर आठवड्याला वाढवून देणार का. उत्तर नुसतं मशीनचं आलं तर दुसरीकडे जा.

मोदकांचं. कळ्या पाडणं हे अंगठ्याचं आणि बोटांच्या टोकांचं नाजूक काम आहे, कोपराला ते चालतं. उकड मळणं चालत नाही, गरम असते, जोर लागतो, आणि ऑर्डरीच्या दिवशी एकदम किलो-किलोने मळली जाते. तर उकड दुसऱ्याने मळायची आणि कळ्या तुम्ही पाडायच्या. ऑर्डरी घेताना आकडा आत्ताच ठरवा, आणि मदतनीस मिळाली तरच वाढवा, कारण मार्चमध्ये जे झालं तेच पाच दिवसांत होईल. मोदक वाढले तर त्या दिवसांत पोळ्या कमी, दोन्ही वाढवायचं नाही. गणपतीत व्यायामाचं पाणी पण वाढवू नका, आहे तिथेच ठेवा.

तुमच्या मैत्रिणीचं वेगळं वाटतंय. रात्री मुंग्या, त्यातही अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर मनगटात नस दाबली जातेय, कार्पल टनेल म्हणतात ते. तिने रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून झोपायचं, कात्री चालवण्याचं काम सलग करायचं नाही, आणि शुगर, थायरॉइड तपासून घ्यायचं, दोन्हीत हे जास्त दिसतं. अंगठ्याच्या बुडाशी मांस कमी झालेलं दिसत असेल किंवा सुईत दोरा ओवताना बोटांना कळत नसेल तर तिने वाट बघू नये, नसेची तपासणी करून घ्यावी. वरचे बाटलीचे व्यायाम तिच्यासाठी नाहीत, तिला फॉरवर्ड करू नका.

आणि तुम्ही स्वतः कधी डॉक्टरांकडे परत जायचं, तर मान हलवल्यावर हातात कळ उतरत असेल, रात्री झोपेतून उठवेल असं दुखत असेल, कोपर पूर्ण सरळ होत नसेल, किंवा बोटं, मनगट वर उचलायला ताकदच लागत नसेल, दुखतंय म्हणून नाही तर उचललंच जात नाहीये असं, तर व्यायाम थांबवा आणि त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल तर आज संध्याकाळी पहिला राऊंड करा, आणि सहा आठवड्यांनी बाटलीत किती पाण्यापर्यंत पोचलात ते कळवा.